धक्क्यावरून वॉलआय लागतच नाही? आमिष नंतर बदला, आधी घड्याळ बघा

दर शनिवारी तेच व्हायचं. दुपारी चारला गाडी काढायची, तलावावर पोचायचं, सार्वजनिक धक्क्याच्या टोकाची जागा धरायची, गांडूळ लावून गळ टाकायचा आणि आठ वाजेपर्यंत तळहाताएवढे सनफिश नि पर्च नावाचे मासे काढत बसायचं, समोर बोटवाले एकामागून एक वॉलआय, म्हणजे उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, उचलतायत ते बघायचं आणि मग पोरांना भूक लागली की सगळं आवरून घरी. अमेरिकेत मिनेसोटात आल्यावर माझे पहिले दोन उन्हाळे असेच गेले. दोन वर्षांत एकही वॉलआय नाही. तिसऱ्या वर्षी जूनमधे एका संध्याकाळी चार लागले, त्याच धक्क्यावर, त्याच जुन्या रॉडवर, आणि वेगळं काय केलं होतं म्हणाल तर त्या दिवशी पोरं मावशीकडे होती म्हणून मला आठला निघायची घाई नव्हती, मी साडेदहापर्यंत तिथंच बसलो. एवढंच.

तेव्हापासून दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, गणपतीच्या पंगतीत, ऑफिसच्या पार्किंगमधे, एकदा तर देवळाबाहेर चपला घालता घालता, की बोट नसताना तुम्हाला कसे लागतात, आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न आमिषाचाच असतो. कुठला रंग, कुठली कंपनी, किती डॉलर. मी स्वतः त्या दोन वर्षांत डबाभर रंगीत जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेले हुक, घेतले होते, दुकानात जो जे म्हणेल ते. बहुतेक वेळा गडबड आमिषात नसतेच हो. म्हणून इथं मी ज्या क्रमाने तपासायला पाहिजे त्या क्रमानेच लिहितोय, आमिष बरंच खाली आहे.

सगळ्यात पहिलं म्हणजे तुम्ही जिथं बसता त्या पाण्यात वॉलआय आहे का? हसू नका, माझ्या ओळखीच्या एकाने अख्खा मोसम घरामागच्या तळ्यावर घालवला जिथं फक्त सनफिश आणि बास होते. मिनेसोटात हजारो तलाव आहेत आणि सगळ्यांत वॉलआय नाही, कितीतरी ठिकाणी तो टिकतो तो राज्य सरकार दर काही वर्षांनी पिल्लं सोडतं म्हणून. डीएनआरची, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याची, लेकफाइंडर नावाची फुकट ऑनलाइन सोय आहे, त्यात तलावाचं नाव टाकलं की कुठल्या वर्षी किती पिल्लं सोडली, जाळी लावून पाहणी केली तेव्हा कुठल्या जातीचे किती मासे मिळाले, आणि खोलीचा नकाशा, सगळं मिळतं. दहा मिनिटं लागतात. पाहणीत वॉलआयचा आकडा नगण्य असेल तर तो तलाव सोडा आणि दुसरा धरा, तिथं कितीही चिकाटी दाखवली तरी उपयोग नाही. नकाशा मात्र ठेवा जवळ, त्याचं काम पुढं आहे.

आता मुख्य गोष्ट, घड्याळ. वॉलआय हा उजेड टाळणारा मासा आहे. त्याच्या डोळ्यात पडद्याच्या मागं एक चमकणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसाच, आत आलेला उजेड परत उलटा फेकतो, त्यामुळे आपल्याला काळोख वाटतो तेव्हा त्याला नीट दिसतं. रात्री बॅटरी मारली की डोळे काचेच्या गोटीसारखे चमकतात. आमच्याकडं पेण-अलिबागच्या खाडीतला जिताडा ज्यांनी रात्री पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल, त्याचेही डोळे असेच पेटतात. आणि गंमत अशी की वॉलआयचं आवडतं खाणं म्हणजे यलो पर्च, त्या बिचाऱ्याला दिवसा छान दिसतं पण अंधार पडायला लागला की त्याची नजर मंदावते. म्हणजे सूर्य मावळल्यावरचा जो तास-दीड तास आहे त्यात शिकार करणाऱ्याला दिसतंय आणि भक्ष्याला दिसत नाही. वॉलआय त्या तासासाठीच दिवसभर खोलात पडून राहतो आणि मग काठाकडं येतो.

हे काठाकडं येणं आपल्यासाठी सगळं काही आहे. बोटवाला माशाकडं जाऊ शकतो, दुपारी बारा वाजता पंचवीस फुटांवर जाऊन त्याच्या तोंडासमोर आमिष धरू शकतो. आपण नाही जाऊ शकत. आपल्याला मासा आपल्यापर्यंत येईल त्या वेळी तिथं हजर राहायचंय, दुसरा उपाय नाही. आणि इथंच आपल्या लोकांचं चुकतं कारण आपल्या डोक्यात संध्याकाळ म्हणजे साडेसहा-सात. मुंबईला जूनमधे सव्वासातला सूर्य मावळतो, इथं मिनिआपोलिसला जूनमधे नऊला मावळतो! आठला तुम्ही निघालात म्हणजे भर दुपारीच निघालात असं समजा. मी पहिली दोन वर्षं तिन्हीसांजेच्या तासभर आधी घरी जात होतो आणि मासा नाही म्हणून जिग बदलत होतो.

तर वेळ अशी धरा, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, सामान लावा, खोली मोजून घ्या, मग सूर्यास्तापासून पुढं दीड तास गळ पाण्यात राहिलाच पाहिजे. माझ्या धक्क्यावर पहिली ओढ साधारण सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी येते, मग पाऊण तास जोरात, मग शांत. या वेळात आमिष बदलणं, जागा बदलणं, फोनवर बोलणं, चहा ओतणं काही नको, ते सगळं आधी उरकायचं. पहाटेचंही असंच आहे, झुंजुमुंजू व्हायच्या आधी पोचायचं आणि ऊन पाण्यावर आलं की संपलं. मला स्वतःला पहाट जास्त आवडते कारण धक्क्यावर कोणी नसतं, पण नोकरीवाल्याला संध्याकाळच जमते.

पोरं बरोबर असतील तर त्यांना आधी जेवू घाला, घरून पोळीभाजीचा डबा घ्या. हे साधं वाटतं पण माझ्या मते डबा हे वॉलआयचं सगळ्यात महत्त्वाचं सामान आहे.

वेळ बरोबर आहे, अंधार पडेपर्यंत बसलोय, तरी नाही, असं असेल तर उजेड आणि आवाज बघा. डोक्यावरचा दिवा लावून लोक सारखे पाण्यात बघतात, मासा चार-पाच फूट पाण्यात तुमच्या पायाखाली आलेला असतो आणि तुम्ही त्याच्या डोळ्यात टॉर्च मारता. दिवा लावायचाच तर पाठ पाण्याकडं करून लावा नाहीतर लाल दिवा वापरा. धक्क्याच्या फळ्यांवर धपधप चालू नका, खुर्ची ओढू नका, बादली आपटू नका, ते सगळं खांबातून पाण्यात उतरतं. धक्क्यावर कायमचा विजेचा दिवा असेल तर ती वेगळी गोष्ट, तो सारखा लागलेला असतो, त्याखाली किडे, किड्यांखाली बारके मासे जमतात आणि वॉलआय उजेडात न येता उजेड संपतो त्या कडेला उभा असतो, म्हणून गळ उजेडात टाकायचा नाही, सावलीच्या रेषेवर टाकायचा.

यानंतर वारा. आपल्या खाडीला भरती-ओहोटी आहे, तिच्यावर मासेमारी चालते, तलावाला ती नाही, तलावाला वारा आहे. एकाच दिशेने अर्धा दिवस किंवा दिवस-दोन दिवस वारा वाहिला की पाण्यातलं बारीक जीवजंतूंचं खाणं त्या बाजूच्या काठाला लागतं, त्यामागं बारके मासे, त्यामागं वॉलआय. शिवाय लाटांमुळं पाणी गढूळ होतं आणि वरचा उजेड फुटतो, म्हणून वाऱ्याच्या काठावर कधी कधी दिवसाढवळ्याही मासा लागतो, विशेषतः ढगाळ असेल तर. इथले जुने लोक या लाटांना वॉलआय चॉप म्हणतात. आपण काय करतो, वारा तोंडावर येतो, दोरी उडते, म्हणून आडोशाला जाऊन बसतो, शांत आरशासारख्या पाण्यासमोर. बसायला छान, मासा नाही. वारा तोंडावर घ्या. दक्षिणेचा वारा असेल तर उत्तरेचा काठ, पश्चिमेचा असेल तर पूर्वेचा. एकच धक्का धरून बसण्यापेक्षा तलावाच्या दोन-तीन बाजूंच्या जागा शोधून ठेवा आणि निघायच्या आधी हवामान बघून ठरवा कुठं जायचं.

विजांचा वारा मात्र नाही. हातात सात फुटांचा ग्राफाइटचा रॉड घेऊन उघड्या धक्क्यावर आपण सगळ्यात उंच असतो. ढग गडगडला की गाडीत.

जागेचं बोलायचं तर आता तो खोलीचा नकाशा काढा. रेषा जिथं एकमेकींजवळ येऊन काठाला चिकटतात तिथं खोल पाणी काठाजवळ आहे, मासा खोलातून उथळात यायला त्याला कमी अंतर आहे, तिथं जायचं. वाळू-चिखलाचा सपाट काठ असेल आणि पन्नास यार्डांवरही चार फूटच पाणी असेल तर तिथला धक्का सनफिशसाठी ठीक, वॉलआयसाठी रात्र बरीच व्हावी लागते. दगडगोट्यांचा काठ, पाण्यात घुसलेली जमीन, दोन तलाव जोडणारी अरुंद खाच, रस्त्याचा पूल, ओढा येऊन मिळतो ते तोंड, पाणगवत संपतं ती बाहेरची कड, ह्या जागा. त्यातही पूल आणि खाच माझ्या आवडीच्या कारण थोडा का होईना प्रवाह असतो आणि मासा एका चिंचोळ्या जागेतूनच ये-जा करतो, तुमचा गळ त्याच्या वाटेवर असतो. फक्त त्या पुलावरून मासेमारीला परवानगी आहे का ते आधी बघा. आणि कुणाच्या खाजगी धक्क्यावर विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, विचारलं तर बरेच लोक हो म्हणतात, माझ्या दोन चांगल्या जागा अशाच मिळाल्यात, दार वाजवून, नीट बोलून.

आता आलं आमिष आणि गळाची बांधणी. धक्क्यावरून नवीन माणसाने काय लावावं असं विचारलं तर माझं एकच उत्तर आहे, स्लिप बॉबर. बॉबर म्हणजे पाण्यावर तरंगणारा बोंडा, हा दोरीवर सरकता असतो, दोरीवर तुम्हाला पाहिजे त्या खोलीला एक गाठ मारायची, तिच्याखाली छोटा मणी, मग बॉबर, मग थोडं शिसं, मग दीड फूट बारीक दोरी आणि सहा नंबरचा नाहीतर आठ नंबरचा हुक. टाकताना गाठ रीलवर गुंडाळली जाते आणि बॉबर खाली शिशापर्यंत सरकतो म्हणून लांब फेकता येतं, पाण्यात पडलं की आमिष गाठीपर्यंत खाली उतरतं. आधी हुकला नुसतं शिसं अडकवून टाका, बॉबर पूर्ण बुडाला म्हणजे गाठ उथळ आहे, आडवा पडला म्हणजे शिसं तळाला टेकलंय. अशी खोली मोजून आमिष तळापासून फूटभर वर राहील अशी गाठ ठेवा. हे मोजणं लोक टाळतात आणि दहा फूट पाण्यात चार फुटांवर गांडूळ लटकवून बसतात, मग सनफिशच येणार, तो वरच्या पाण्यातला मासा आहे.

दोरी सहा किंवा आठ पाउंडाची साधी मोनो, आपल्याकडं ज्याला तंगूस म्हणतात तीच. जाड दोरी नको. रॉड सात फुटांचा, मिडियम-लाइट. धक्का उंच असेल तर लांब दांड्याची जाळीही घ्या, माझा सगळ्यात मोठा मासा मी दोरी धरून वर ओढायला गेलो आणि फळीला घासून दोरी तुटली, अजून डोळ्यासमोर येतो.

जूनपासून पुढं माझं आमिष म्हणजे जळू. आपल्या लोकांना किळस वाटते, मला पण वाटायची, पण ती पाण्यात ज्या प्रकारे पोहत राहते तसं दुसरं काही नाही आणि गांडुळासारखी लगेच कुरतडून संपत नाही. तिच्या रुंद टोकाला चिकटायचा भाग असतो, त्यातून हुक घालायचा म्हणजे ती मोकळी वळवळते. मेमधे पाणी थंड असतं तेव्हा जळू गोळा होऊन बसते, हलत नाही, म्हणून तेव्हा शायनर नावाचे छोटे जिवंत मासे. गांडूळ वाईट नाही पण धक्क्यावर गांडूळ म्हणजे तळ्यातल्या प्रत्येकाला आमंत्रण, दिवसा सनफिश नि पर्च आणि रात्री बुलहेड. सारखे तेच लागत असतील तर गांडूळ बंद करा, खोली परत मोजा, बराच फरक पडेल.

बॉबर बुडतो पण मासा लागत नाही, ही तक्रार खूप जणांची आहे. वॉलआय बांगड्यासारखा झेप घालून पळत नाही. तो आमिषाजवळ येऊन गाल फुगवून पाण्यासकट ते आत ओढतो आणि तिथंच थांबतो किंवा हळू सरकतो, दोरीत जरा ताण जाणवला की लगेच बाहेर थुंकतो. आपण बॉबर हलला रे हलला की जोरात झटका देतो आणि आमिष त्याच्या ओठावरून निघून येतं. बॉबर बुडू द्या, दिसेनासा होऊ द्या, मग घाई न करता सैल दोरी गुंडाळा, पलीकडं वजन लागतंय असं वाटलं की रॉड बाजूला लांब ओढा, वर झटका नाही. बॉबर आडवा सरकत असेल किंवा उलट वर येऊन पडला तरी मासा आहेच. आणि रात्रीसाठी चमकणाऱ्या कांडीचा बॉबर घ्या, साध्या बॉबरवर टॉर्च मारत बसू नका, त्याचं वर सांगितलंच आहे.

जिगवर मासेमारी करताना तर ठोकर पण नसते, नुसतं जड झाल्यासारखं वाटतं, जणू ओलं पान अडकलंय. ते पान बहुतेक वेळा मासाच असतो, ओढा. धक्क्यावरून मी आठवा भाग औंसाचा जिग लावतो, वारा किंवा प्रवाह जास्त असेल तर पाव औंस. दगडात सारखा अडकत असेल तर जिग हलका करा आणि टाकल्यावर तळाला पडून राहू देऊ नका, एवढं करून निम्मे जिग वाचतात.

पूर्ण काळोख झाल्यावर माझा आवडता प्रकार वेगळाच आहे, लाकडी किंवा प्लास्टिकचा नकली मासा, क्रँकबेट. रापाला कंपनीचा अकरा नंबरचा लांबट तरंगता मासा, हा नंबर म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, किंवा त्यांचाच हस्की जर्क, जो थांबवला की पाण्यात तिथंच अधांतरी राहतो. लोक तो भरभर ओढतात, मधेमधे झटके देतात, बास पकडल्यासारखं. रात्री वॉलआयसाठी हळू. तुम्हाला हळू वाटतं त्याच्याही निम्म्यानं हळू, रीलचा दांडा सावकाश फिरवायचा, मासा डुलतोय एवढी थरथर रॉडच्या टोकाला जाणवली पाहिजे, त्यापेक्षा जास्त नाही. मधे दोन-तीन सेकंद थांबायचं. आणि सरळ समोर शंभर वेळा टाकण्यापेक्षा काठाला समांतर टाका, कारण त्या वेळी मासा तीन ते सहा फुटांत काठाकाठानं फिरतोय, तुमच्या समोर साठ यार्डांवर नाही. ही गोष्ट मला कळायला फार वेळ लागला, मी जेवढं लांब फेकता येईल तेवढं लांब, म्हणजे माशाच्या डोक्यावरून पलीकडं फेकत होतो.

दोरी स्वच्छ कापल्यासारखी तुटून येते? तो वॉलआय नाही, नॉर्दर्न पाइक नावाचा धारदार दातांचा मासा आहे. वॉलआयचे दात अणकुचीदार असतात, पकडायला, पण ते कातरीसारखे दोरी कापत नाहीत. तारेचा तुकडा लावला तर पाइकपासून दोरी वाचते पण वॉलआय कमी लागतो असा माझा अनुभव, म्हणून मी फक्त वीस पाउंडाच्या फ्लोरोकार्बन नावाच्या दोरीचा तुकडा लावतो तो पण क्रँकबेटलाच, आणि पाणगवतापासून जरा लांब टाकतो. वॉलआयच्या पाठीवरचे काटे आणि कल्ल्याचं झाकण मात्र सांभाळा, पापलेट धरतो तसं धरायला गेलात तर हात कापतो.

मोसमाचं पण बघायला पाहिजे. मिनेसोटात आतल्या तलावांवर वॉलआयचा मोसम मेच्या मध्यावर उघडतो, आणि किनाऱ्यावाल्यासाठी पहिले तीन-चार आठवडे सोन्याचे असतात. वॉलआय बर्फ वितळल्यावर, पाणी साधारण ४२ ते ५० डिग्री फॅरनहाइट असताना, दगडगोट्यांच्या उथळ काठावर आणि ओढ्यांत अंडी घालतो, मोसम उघडतो तेव्हा बरेचसे, त्यातही नर, अजून त्याच भागात रेंगाळत असतात. जुलै-ऑगस्टमधे पाणी तापतं, मासे खोलात जातात, त्या दोन महिन्यांत दुपारी धक्क्यावर वॉलआयसाठी बसण्यात अर्थ नाही, रात्रीच जा. बरेच जण याच काळात सुट्टी असते म्हणून सुरुवात करतात आणि निराश होऊन सोडून देतात, त्यांनी सप्टेंबरअखेर परत यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ऑक्टोबर हा धक्क्यावरचा सगळ्यात चांगला महिना आहे. पाणी थंड होतं, बारके मासे काठाला येतात, बोटवाले घरी गेलेले असतात, आणि सूर्य साडेसहाला मावळतो म्हणजे जेवायच्या वेळेला तुम्ही घरी. मोठ्या माद्या मला ऑक्टोबरमधेच लागल्यात, पौर्णिमेच्या आसपास, नकली माशावर.

क्लीव्हलंडला माझा मावसभाऊ असतो, तो तर नोव्हेंबरमधेच बाहेर पडतो. लेक एरीमधले वॉलआय थंडी पडली की गिझार्ड शॅड नावाच्या माशांच्या थव्यांमागं बंदरांच्या तोंडाशी येतात आणि ओहायोतले लोक रात्री दगडी बांधांवरून नि धक्क्यांवरून, बोटीशिवाय, मोठमोठे मासे काढतात. मी एकदा त्याच्याबरोबर गेलोय, हाताची बोटं गोठली होती, पण दोन तासांत जे मासे पाहिले तेवढे मोठे मिनेसोटात कधी पाहिले नव्हते. फक्त त्या दगडांवर लाटांचं पाणी गोठतं, बुटांना खिळे लावल्याशिवाय आणि लाइफ जॅकेटशिवाय तिथं जाऊ नका, एकट्यानं तर अजिबात नको.

ट्विन सिटीजमधे, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉलमधे, शिकायचं असेल तर मिसिसिपी नदी आहे. फोर्ड डॅमपासून खाली हेस्टिंग्जपर्यंतचा जो भाग आहे, पूल २ म्हणतात त्याला (रस्त्याचा पूल नव्हे, इंग्रजीतला पूल, दोन बंधाऱ्यांमधलं पाणी), त्यात वॉलआय आणि सॉगर पकडून सोडून द्यायचे असतात, घरी आणायचे नाहीत. त्यामुळे तिथं मासे चांगले आहेत आणि गर्दी खाणाऱ्यांची नाही. सॉगर म्हणजे वॉलआयचा भाऊ, दिसायला तसाच पण पाठीच्या पराला ठिपके असतात, वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग असतो तो त्याला नसतो. बंधाऱ्याखाली वाहत्या पाण्याच्या कडेला जिथं पाणी उलटं फिरतं त्या शांत भोवऱ्यात जिग टाका. ओढ कशी लागते हे हाताला एकदा कळलं की तलावावर पण कळायला लागतं.

नियम दरवर्षी बघा, मी सांगतो म्हणून धरून चालू नका, कारण तलावागणिक वेगळे असतात, मिलॅक्ससारख्या मोठ्या तलावाचे तर दर मोसमाला नव्यानं ठरतात. परवान्याशिवाय गळ टाकायचा नाही. उघड्या पाण्यात, म्हणजे बर्फ नसताना, मिनेसोटात एका माणसाला एकच दोरी, दोन रॉड मांडून बसता येत नाही, आपल्यातले बरेच जण हे न कळून करतात. निघताना आमिषाच्या बादलीतलं तलावाचं पाणी तिथंच ओतून टाकायचं आणि उरलेले जिवंत मासे, जळवा तलावात सोडायच्या नाहीत, कचऱ्यात टाकायच्या, नाहीतर एका तलावाची कीड दुसऱ्यात जाते. मोठी मादी लागली तर सोडून द्या हो. वॉलआय मिनेसोटाचा राज्यमासा आहे १९६५ पासून, आणि पंचवीस इंची मादी म्हणजे पुढची कितीतरी वर्षं अंडी देणारी मादी. खायला पंधरा-सतरा इंची सगळ्यात चवदार, पाराही मोठ्या माशात जास्त साठतो, गरोदर बाईला आणि लहान मुलांना किती द्यावा याच्या राज्याच्या आरोग्य खात्याच्या सूचना आहेत त्या वाचा.

आणि घरी आणलात तर इथल्यासारखं बिअरच्या पिठात तळू नका एवढी माझी विनंती. काटे कमी असतात, मांस पांढरं नि घट्ट, फारसा वास नाही. हळद, मीठ, आलं-लसूण, आगळ आणि बेडगी तिखट लावून अर्धा तास ठेवायचं, मग रवा नि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. माझ्या आईला इथं आल्यावर गोड्या पाण्यातला मासा चालायचा नाही, हा चालला, दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं परत कधी जाणार.

या शनिवारी सूर्यास्त नऊ वाजून दोन मिनिटांनी आहे आणि वारा शुक्रवारपासून दक्षिणेचा दाखवतायत, म्हणजे उत्तरेकडचा दगडी काठ. आठला पोचायचं, डबा बरोबर.